पायाभरणीचा दगड आणि कायद्याचे कलम

हुबळी-धारवाडात उद्योगांचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते : तंत्रज्ञान आणि उद्योग बाजाराच्या बळावर येतात, आमदार-खासदारांचा संबंध फीत कापण्यापुरता. सुशिक्षितांना हे मत विशेष पटते. ते चुकीचे आहे, आणि या जुळ्या शहरांचे नुकसान करणारेही आहे.

या मताच्या बाजूने पहिला दाखला बंगळूरचा दिला जातो. ते शहर म्हणे आपसूक वाढले. इतिहास तसे सांगत नाही. 1909 साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेला 371 एकर जमीन म्हैसूर संस्थानाने दिली. इलेक्ट्रॉनिक सिटी राज्य सरकारच्या किऑनिक्सने वसवली. 1997 मध्ये कर्नाटकाने माहिती तंत्रज्ञानाचे स्वतंत्र धोरण आणले, तेव्हा देशातल्या इतर कोणत्याही राज्याकडे तसे धोरण नव्हते. आधी राज्यकर्त्यांनी वाट बांधली, मग कंपन्यांची वर्दळ सुरू झाली.

दुसरा आक्षेप असा, की आमच्या भागात तेवढी कुवतच नाही. नंदन निलेकणी धारवाडात शिकले आणि पुढे पवईच्या आयआयटीत गेले. सुधा मूर्ती हुबळीच्या बी. व्ही. बी. महाविद्यालयातून अभियंता झाल्या आणि पुण्यात टेल्कोत रुजू झाल्या. हुबळीत जन्मलेल्या गुरुराज देशपांडे यांनी सायकामोर नेटवर्क्स ही कंपनी काढली ती अमेरिकेत. कुवत होतीच, तिला इथे धरून ठेवील असे काही नव्हते. 2016 मध्ये धारवाडला आयआयटी सुरू झाली. रायचूरनेही तिच्यासाठी जोरदार आंदोलन केले होते. संस्था कुठे व्हावी, हा निर्णय बंगळूर आणि दिल्लीच्या सरकारांत झाला. बाजाराने तो घेतलाच नसता.

आता माझी बाजू. 1994 ते 2023 हुबळीचे आमदार, मग मुख्यमंत्री आणि 2019 ते 2021 या काळात उद्योगमंत्री राहिलेले जगदीश शेट्टर यांची कारकीर्द पाहा. त्यांच्या पक्षांतरांविषयी मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण मंत्री म्हणून त्यांनी लावून धरलेला मुद्दा खरा होता : बंगळूरबाहेर उद्योग जायचा तर नियमच बदलावे लागतील. फेब्रुवारी 2020 मध्ये गुंतवणूकदारांची परिषद त्यांनी हुबळीत भरवली. त्याच वर्षीच्या औद्योगिक धोरणात बंगळूरबाहेरच्या जिल्ह्यांना वाढीव सवलती मिळाल्या. उद्योग सुलभीकरण कायद्यात दुरुस्ती होऊन प्रतिज्ञापत्रावर काम सुरू करण्याची मुभा आली. राज्याच्या परवानग्या मिळवायला तीन वर्षे किंवा उत्पादन सुरू होईपर्यंत, यांतला जो काळ कमी तेवढा अवधी मिळाला. बंगळूरला खेटे घालण्यात छोट्या उद्योजकाचे भांडवल आटते. ते वाचवण्याची ताकद कायद्याच्या कलमात असते, आणि कलम बदलण्याचा अधिकार लोकप्रतिनिधीकडेच असतो.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. सवलती दिल्या, रोजगार कुठे आहे? हुबळी विमानतळाजवळ इन्फोसिसला जमीन मिळाली, इमारती उभ्या राहिल्या, पण कामाला सुरुवात व्हायला 2022 उजाडले. शेतकऱ्यांनी दिलेल्या त्या जमिनीच्या बदल्यात नोकऱ्या किती, हा प्रश्न आमदार अरविंद बेल्लद यांनी विधानसभेत विचारला. आक्षेप मला मान्य आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. दोष सवलत देण्यात नव्हता. सवलतीला मुदतीची आणि रोजगाराची अट घट्ट न बांधण्यात होता. अट घालणे हे कायदेमंडळाचे काम आणि ती पाळली गेली का, हे सभागृहात विचारणे हेही त्याचेच काम. म्हणजे हा आक्षेपसुद्धा अखेर लोकप्रतिनिधीची गरजच सिद्ध करतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की किती पायाभरण्या केल्या, हे त्याला विचारू नका. आमच्या मुलांना गाव सोडावे लागू नये म्हणून कोणता नियम बदलला, कोणती अट घातली आणि ती पाळली गेली का, हे विचारा. उत्तर ऐका, आणि मगच मत द्या.