'उन्हानं झालं असेल!'

चकलीनं दहीभाताला नाक मुरडलं, तेव्हाच खरं तर माझी ट्यूब पेटायला हवी होती.

चकली म्हणजे आमची कुत्री. तिच्या शेपटीचा वळसा एकदा बघितलात, की हे नाव का ठेवलं असं विचारणार नाही. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोन पिल्लं सापडली. चकली माझ्याकडे आली आणि तिचा भाऊ शेव दुसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड काकांकडे गेला. कोथरूडच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी, माझी फ्लॅटमेट आणि चकली असं त्रिकूट राहतं. दहीभातासाठी चकली आम्हा दोघींनाही विकायला तयार असते. ६ मे २०२५ ला मात्र तिनं वाडगं नुसतं हुंगलं, माझ्याकडे बघितलं आणि बाथरूमच्या गार फरशीवर जाऊन पडली.

मी लगेच निदान करून टाकलं, 'उन्हाळा!' पुण्यातला मे महिना, त्यात वरचा मजला, दुसरं काय असणार? साताऱ्याला आईला फोन केला, तर तीही म्हणाली, "उन्हानं झालं असेल गं. ताक दे तिला." फ्लॅटमेटचं मत होतं, की हे निव्वळ नखरे आहेत. मी नाकाला हात लावला. ओलं! म्हणजे बरी आहे. आणि मी माझ्या आंब्याच्या डेझर्टवरच्या स्टोरीच्या डेडलाइनकडे वळले.

तिसऱ्या दिवशी तिला उचलून घेतलं, तेव्हा पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले. मी तेही ओळखलं, 'घामोळं!'

"कुत्र्यांना घामोळं येत नाही," डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आपल्यासारखा अंगभर घाम येतच नाही त्यांना. घामाच्या ग्रंथी असतात त्या पंजांच्या तळव्यात. हे ठिपके म्हणजे कातडीखाली झालेला रक्तस्राव आहे."

माझ्या पोटात गोळा आला.

ताप मोजला, १०४.२ निघाला. कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे धडधाकट कुत्राही आपल्या हाताला गरमच लागतो. म्हणून हात लावून ताप कळत नाही. ओल्या नाकावरून तर काहीच ठरत नाही. मॅडमनी ओठ वर करून हिरडी दाबली. दाबलेली जागा पांढरी होते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. चकलीची झाली, पण हिरडीवरही तेच ठिपके होते.

मग सुरू झाली प्रश्नांची फैरी. नेमकं कधीपासून? आधी खाणं कमी झालं की आधी मरगळ? लघवीचा रंग कसा आहे? उलटी, जुलाब? गोचिडांचं औषध शेवटचं कधी दिलंत? गेल्या महिन्याभरात कुठं नेलं होतंत का? मास कॉमला पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं होतं, की बातमी म्हणजे कोण, काय, कधी, कुठं, का आणि कसं. अनोळखी माणसांना हे सहा प्रश्न विचारून मी पोट भरते आणि घरातल्या पेशंटबद्दल मात्र एकाचंही धड उत्तर देता येत नव्हतं!

शेवटी मोबाइलमधलं कॅलेंडर उघडलं. १८ ते २० एप्रिल, गुड फ्रायडेचा लाँग वीकेंड. आम्ही दिवेआगरला आणि चकली बोर्डिंगमध्ये. गोचिडांची गोळी मार्चमध्ये द्यायची होती, ती राहूनच गेली होती.

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "गोचीड चावल्यापासून साधारण आठ ते वीस दिवसांत लक्षणं दिसतात. मोज तूच."

मी मोजले. बोर्डिंगमधून आणलं त्या दिवसापासून दहीभात नाकारला त्या दिवसापर्यंत बरोबर सोळा.

आपण ज्याला सरसकट 'टिक फीव्हर' म्हणतो, तो एक आजार नाहीच मुळी, हे मला त्या दिवशी कळलं. हे आडनाव आहे आणि त्या आडनावाखाली वेगवेगळी माणसं राहतात. एर्लिकिया नावाचा जिवाणू पांढऱ्या पेशींमध्ये घर करतो. बॅबेसिया तांबड्या पेशी फोडतो, मग हिरड्या फिक्या पडतात आणि लघवी कॉफीसारखी गडद होऊ शकते. हेपॅटोझूनची तर तऱ्हाच वेगळी, तो गोचीड चावल्यानं नाही तर कुत्र्यानं गोचीड गिळल्यानं होतो! सुरुवातीला सगळ्यांचं रूप जवळपास सारखंच, म्हणजे ताप, मरगळ, जेवणाला नकार. औषधं मात्र वेगळी. एर्लिकियावर चालणाऱ्या डॉक्सिसायक्लिननं बॅबेसिया बरा होत नाही. बॅबेसियाच्याही दोन जाती आपल्याकडे सापडतात आणि त्या दोघांची औषधंही एक नाहीत. शिवाय एकाच कुत्र्याला दोन आजार एकदम होऊ शकतात. मग अंदाजानं गोळी कोणती देणार?

म्हणून टेस्ट. आधी साधा सीबीसी. चकलीच्या प्लेटलेट्स आल्या २८ हजार, जिथं दोन लाखांच्या वर असायला हव्यात. मग कानाच्या टोकाला सुई टोचून एक थेंब रक्त काचपट्टीवर पसरलं. बॅबेसिया असेल तर तांबड्या पेशींच्या आत तो मायक्रोस्कोपखाली दिसू शकतो. एर्लिकियाचा तुतीच्या फळासारखा पुंजका पांढऱ्या पेशीत दिसला तर लॉटरी, कारण तो क्वचितच सापडतो. चकलीच्या स्लाइडवर काहीच दिसलं नाही. 'म्हणजे काही नाही ना?' असं मी आशेनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "दिसलं नाही एवढंच कळलं. नाहीये, असं नाही कळलं."

पुढचं किट. रक्ताचे दोन-चार थेंब टाकायचे आणि काही मिनिटं थांबायचं, प्रेग्नन्सी टेस्टसारखंच. एर्लिकियाचा ठिपका उमटला. पण इथंही एक गोम आहे. हे किट जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीरानं तयार केलेल्या अँटिबॉडीज शोधतं. त्या तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे अगदी सुरुवातीला टेस्ट केली तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. उलट, बरं झाल्यावरही त्या महिनोन् महिने रक्तात राहतात, त्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे आत्ताच आजारी असंही नाही. जंतूचा डीएनए शोधायचा तर पीसीआर, त्यासाठी सँपल लॅबला जातं. तेही आम्ही पाठवलं, बॅबेसिया सोबतीला नाही ना हे बघायला.

मग निदान केलं कुणी? किटनं? नाही. ताप, ठिपके, पडलेल्या प्लेटलेट्स, किटवरचा ठिपका आणि माझ्या कॅलेंडरमधली ती तारीख, या पाचांनी मिळून केलं. त्यातली शेवटची गोष्ट कुठल्याही लॅबमध्ये मिळत नाही. ती फक्त घरात असते.

फ्लॅटमेटला टेन्शन होतं, की हे आपल्याला होतं का? कुत्र्याकडून थेट नाही. मला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं. पर्समधली माझी तापाची गोळी अर्धी करून आदल्या रात्री मी जवळजवळ दिलीच होती. मॅडमचा चेहरा बघून पुढचं बोलले नाही. पॅरासिटॅमॉलनं कुत्र्याचं यकृत खराब होऊ शकतं आणि मांजराचा तर एका गोळीनं जीव जाऊ शकतो.

चकलीला डॉक्सिसायक्लिन सुरू झालं, तेही खाण्याबरोबर आणि वर पाणी, कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. दोन दिवसांत ताप उतरला. चौथ्या दिवशी तिनं दहीभात तर खाल्लाच, वर माझा पराठाही पळवला. पीसीआरमध्येही बॅबेसिया निघाला नाही. दहाव्या दिवशी मला वाटलं, झालं की आता! कोर्स मात्र २८ दिवसांचा होता.

"तो पूर्णच करायचा," मॅडम म्हणाल्या. "अर्धवट राहिलं तर कुत्रा बरा दिसतो. जंतू प्लीहेत दडून राहतात. महिने, कधी वर्षंही. आणि परत येतात तेव्हा अस्थिमज्जेवर येतात."

हे ऐकताना मला एकदम शेव आठवला.

२०२४ च्या पावसाळ्यात तो असाच आठवडाभर मरगळला होता. काकांनी ओळखीच्या मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या होत्या. ताप उतरला, शेव उड्या मारायला लागला आणि सगळे विसरून गेले. त्याच संध्याकाळी मी काकांची बेल वाजवली. "अगं, ठणठणीत आहे तो," काका म्हणाले. "जरा बारीक झालाय, एवढंच." तरी माझ्या आग्रहाखातर त्यांनी रक्त तपासून आणलं. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, तिन्ही कमी.

हा आजार काही नवा नाही. १९३५ मध्ये अल्जीरियात पहिल्यांदा त्याची नोंद झाली. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन लष्कराच्या शेकडो कुत्र्यांचा त्यानं जीव घेतला, त्यात जर्मन शेफर्ड खूप होते. त्या कुत्र्यांचं ठळक लक्षण होतं नाकातून रक्त. जुलैमध्ये शेवच्या नाकातून रक्त आलं. औषधं झाली, दोनदा रक्त चढवलं. रक्त देणारी चकली नव्हती, कारण हा आजार होऊन गेलेल्या कुत्र्याचं रक्त चालत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये शेव गेला.

आधीच्या पावसाळ्यात त्याचा साधा सीबीसी झाला असता, तर आमच्या एका वीकेंड डिनरपेक्षा कमी खर्च आला असता. हे मी काकांना कधीच बोलून दाखवलेलं नाही. त्यांना ते माहीत आहे.

म्हणून हे तुमच्यासाठी. कापून फ्रिजवर लावा.

• एक वेळ जेवला नाही तर वाट बघा. चोवीस तास झाले, किंवा जोडीला ताप, मरगळ, उलटी असेल, तर डॉक्टरकडे न्या. पिल्लांसाठी चोवीस तासही जास्तच.

• लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब, तर पार्व्होची शंका घ्या. विष्ठेवरची किट टेस्ट काही मिनिटांत होते. हा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन् महिने टिकतो आणि हँड सॅनिटायझरनं मरत नाही, ब्लीचनं मरतो.

• डोळ्या-नाकातून चिकट स्राव, खोकला आणि नंतर स्नायूंना झटके, तर डिस्टेंपर असू शकतो.

• पावसाळ्यात साठलेल्या पाण्यातून फिरून आल्यावर ताप, उलट्या, पिवळे डोळे, तर लेप्टो. उंदरांच्या लघवीतून पसरतो आणि आपल्यालाही होतो, म्हणून ग्लोव्हज घाला.

• मांजरवाल्यांनो, तुमचं काम जास्त अवघड आहे. मांजर आजार लपवतं. पलंगाखालून बाहेर येत नाही, अंग चाटणं बंद, पाण्याच्या वाडग्यापाशी नुसतं बसून राहणं, हीच लक्षणं समजा. पॅनल्यूकोपेनिया हा पार्व्होचा सख्खा नातेवाईक, त्यात पांढऱ्या पेशी झपाट्यानं घसरतात.

• वागण्यात अचानक बदल, लाळ, गिळता न येणं, तर हात लावू नका. जिवंत कुत्र्यात रेबीजची खात्री देणारं किट नाही. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाच्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि स्वतःच्या डॉक्टरकडे पळा.

• मोबाइलमध्ये तीन तारखा कायम ठेवा, लशीची, गोचिडांच्या औषधाची आणि घराबाहेर राहिल्याची. डॉक्टर याच विचारणार आहेत.

चकलीच्या प्लेटलेट्स आता दोन लाखांच्या वर आहेत. दर महिन्याची गोळी चुकत नाही, कारण आठवण करून द्यायला अलार्म आहे आणि शिवाय काका आहेत. रोज सकाळी लिफ्टमध्ये भेटले, की आधी चकलीचा ओठ वर करून हिरडी दाबतात आणि मनातल्या मनात एक, दोन मोजतात.

"गुलाबी आहे गं," म्हणतात आणि मगच ग्राउंड फ्लोअरचं बटण दाबतात.