पसंतीक्रमात विष्णुपुरी कुठे?

‘नीट’चा निकाल लागेपर्यंत नांदेड-लातूरच्या घराघरांत एकच प्रश्न असतो, गुण किती पडतील? निकाल लागला, की दुसरा सुरू होतो, कॉलेज कोणते भरायचे? पहिल्या प्रश्नासाठी मुले दोन-दोन वर्षे घालवतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र गेल्या वर्षीची कट-ऑफ यादी समोर ठेवून दोन दिवसांत उरकले जाते. मुंबई सर्वांत वर, मग पुणे, मग छत्रपती संभाजीनगर आणि तळाशी लातूर, अंबाजोगाई, विष्णुपुरी. पुढची साडेपाच वर्षे या यादीवर ठरतात, तेव्हा ती कशाच्या आधारे करावी, हे तपासायला हवे.

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांपुढे हा पेच इतक्या ठळकपणे २०२० नंतर आला. तोवर राज्यात ७०:३० चे सूत्र होते. राज्याच्या वाट्याच्या जागांपैकी ७० टक्के जागा महाविद्यालय ज्या विभागात आहे तेथील विद्यार्थ्यांना, तर ३० टक्के राज्यभरातील विद्यार्थ्यांना मिळत. मराठवाड्यात महाविद्यालये मोजकी, त्यामुळे चांगले गुण मिळवूनही इथली मुले मागे राहतात, ही तक्रार जुनी होती. सप्टेंबर २०२० मध्ये सूत्र रद्द झाले आणि राज्यभर एकच गुणवत्ता यादी लागू झाली. नांदेडच्या मुलीसाठी मुंबईचे दार उघडले. त्याच वेळी विष्णुपुरीच्या जागेवर नाशिक-कोल्हापूरच्या मुलाचाही तेवढाच हक्क झाला. निवड वाढली, पण निवडीचे निकष मात्र कट-ऑफपाशीच थांबले.

कट-ऑफवरून गेल्या वर्षी कोणत्या गुणांची मुले कुठे गेली, एवढेच कळते. तिथे गेल्यावर ती काय शिकली, हे कळत नाही. राज्यातील शासकीय महाविद्यालयांचा अभ्यासक्रम सारखा आणि परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. पुढे पदव्युत्तर प्रवेशाच्या ‘नीट-पीजी’त गुणच पाहिले जातात, एमबीबीएस कुठून केले याला तिथे वजन नाही. मग फरक कशाने पडतो? दोन गोष्टींनी. वॉर्डात रुग्ण कोणते येतात आणि त्या रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकवणारे कोण आहे.

पहिल्या कसोटीवर विष्णुपुरी मुळीच तळाला नाही. १९८८ मध्ये सुरू झालेल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नांदेडबरोबरच हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि तेलंगणाच्या सीमेवरील गावांतून रुग्ण येतात. सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, तीव्र रक्तक्षय असलेली गर्भवती, दिवस पुरे होण्याआधी जन्मलेले बाळ असे रुग्ण इथे रोज दाखल होतात. सत्तरच्या दशकापासून ग्रामीण भागात उभे असलेले अंबाजोगाई आणि २००२ पासूनचे लातूर यांचेही चित्र फार वेगळे नाही. महानगरातील मोठ्या रुग्णालयात दुर्मीळ आजार आणि अतिविशेषोपचार पाहायला मिळतात, हे खरेच. पण तिथले बरेच रुग्ण दोन-तीन ठिकाणांहून तपासण्या करून, निदानाचा कागद हातात घेऊन पोहोचतात. कागद नसलेला रुग्ण तपासून निदानापर्यंत जाणे ही एमबीबीएसची खरी शिकवण आहे आणि तिला अशी रुग्णालये अधिक उपयोगी पडतात.

जालना जिल्ह्यातील देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात शिकले. पण विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देणारे त्यांचे काम घडले ते महाडच्या परिसरात, जिथे विंचू चावलेले रुग्ण येत होते. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने त्याची दखल घेतली, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या रुग्णांनीच त्या संशोधनाचा प्रश्न समोर आणला होता.

पण नुसती रुग्णांची गर्दी म्हणजे शिक्षण नव्हे. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत याच विष्णुपुरीच्या रुग्णालयात २४ रुग्णांचा मृत्यू झाला; त्यांत १२ नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. औषधांची उपलब्धता, अपुरे मनुष्यबळ, उशिरा पाठवलेले अत्यवस्थ रुग्ण, मंजूर खाटांपेक्षा अधिक भरती, अशा अनेक बाबींची तेव्हा चर्चा झाली. या घटनेकडे विद्यार्थ्याच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. वॉर्डात रुग्ण दुप्पट आणि अध्यापक निम्मे असतील, तर प्रशिक्षणार्थी डॉक्टर रक्ताचे नमुने पोहोचवतो, स्ट्रेचर ढकलतो, कागद भरतो. त्याला ‘अनुभव’ भरपूर मिळतो, पण चुकले कुठे हे सांगणारे कोणी नसते. रुग्णसेवेला आणि शिक्षणाला लागलेले हे एकच दुखणे आहे, रिक्त पदांचे.

नव्या महाविद्यालयांबाबत ही दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची ठरते. धाराशिव आणि परभणीनंतर २०२४ मध्ये जालना आणि हिंगोलीतही शासकीय महाविद्यालये सुरू झाली. घराजवळची जागा, शासकीय शुल्क, हे मोठेच लाभ. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन हे विषय असतात. तिथे रुग्णालयाची उणीव फारशी जाणवत नाही. ती जाणवते नंतरच्या वर्षांत, जेव्हा दिवसाचा बराचसा वेळ वॉर्डात जायला हवा. जुन्या महाविद्यालयात रात्री अकरा वाजताही एखादा निवासी डॉक्टर कनिष्ठांना हृदयाचे ठोके ऐकायला शिकवत असतो. पदव्युत्तर अभ्यासक्रम रुजायला वेळ लागतो, तोवर नव्या ठिकाणी हा मधला दुवाच अपुरा असतो. म्हणून नव्या महाविद्यालयाचा विचार करताना आजची इमारत पाहण्यापेक्षा तीन वर्षांनी रुग्णालय कुठे असेल, हे विचारावे.

मग यादी कशी करावी? महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर अध्यापकांची नावे आणि रुग्णसंख्येची माहिती बहुधा असते. ती पाहावी. औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग व प्रसूती आणि बालरोग या चार विभागांत पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत का, हे पाहावे. शक्य असेल तर एक दिवस जाऊन इंटर्नशिप करणाऱ्या दोघा-चौघांना विचारावे, स्वतःच्या हाताने किती प्रसूती केल्या, वॉर्डात राउंड कोण घेते? वसतिगृह, मुलींची सुरक्षितता, घरचे अंतर, खर्च हेही निकषच आहेत, त्यांना दुय्यम मानू नये.

प्रक्रियेतील एक गैरसमजही दूर व्हावा. ‘मिळणार नाही’ म्हणून आवडते महाविद्यालय खाली टाकण्याची गरज नसते. वरची पसंती न मिळाल्याने खालच्या पसंतीवरचा हक्क कमी होत नाही. उलट पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली, की आधीची जागा आपोआप जाते. त्यामुळे खरोखर जायचे आहे तेच, त्याच क्रमाने लिहावे.

या वैयक्तिक निवडीला विभागाचीही एक बाजू आहे. ग्रामीण भागात डॉक्टर टिकावेत यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये केलेल्या शिफारशींत ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश आणि महानगरांबाहेर वैद्यकीय महाविद्यालये, या दोन्हींचा समावेश आहे. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांतून दरवर्षी मोठ्या संख्येने मुले वैद्यकीयला जातात. ती कुठे शिकतात आणि कुठे स्थिरावतात, यावर किनवट-माहूरच्या रुग्णाला डॉक्टर मिळणे अवलंबून आहे. एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेने तेवढ्यापुरती जागा भरते, माणूस टिकत नाही.

मात्र त्यासाठी अठरा वर्षांच्या मुलीला ‘आपल्या भागासाठी विष्णुपुरी निवड’ असे सांगणे अन्यायाचे ठरेल. तिने उत्तम शिक्षण निवडावे. ते विष्णुपुरीत मिळेल, याची हमी देण्याचे काम शासनाचे आहे. प्रत्येक महाविद्यालयातील भरलेली आणि रिक्त पदे, विभागवार रुग्ण आणि प्रसूतींची संख्या पसंतीक्रम भरण्यापूर्वी एकाच ठिकाणी जाहीर केली, तरी सुरुवात होईल. मुलांना निवडीसाठी कट-ऑफखेरीज काही हाती लागेल, आणि रिकाम्या खुर्च्याही सर्वांना दिसतील.