पचमढी शाळेपर्यंत पोहोचेल काय?

सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड जिथे आहे, त्या पचमढीत मध्य प्रांताचे इंग्रज अधिकारी नागपूरचा उन्हाळा टाळण्यासाठी मुक्काम हलवीत. आज तेथे भारत स्काउट्स आणि गाइड्सचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. साहेबांच्या विश्रांतिस्थळी आता देशभरातील शिक्षक तंबू ठोकतात, दोरीच्या गाठी शिकतात आणि स्वतःचे अन्न स्वतः शिजवितात.

या परिवर्तनामागे स्वाभिमानाचा इतिहास आहे. १९०९ मध्ये स्काउट चळवळ भारतात आली, तेव्हा तिची दारे भारतीय मुलांना बंद होती. १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासला भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. पुढे पं. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीच्या आश्रयाने बालवीर पथके उभारली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी विविध संघटना एकत्र येऊन आजची राष्ट्रीय संस्था साकारली.

पचमढीचे खरे महत्त्व तेथे घडणाऱ्या शिक्षकात आहे. 'हिमालय वुड बॅज'चे प्रशिक्षण घेणारा प्रौढ शिक्षक तेथे पुन्हा विद्यार्थी होतो. सहा-आठ जणांची तुकडी, तिचा नायक, वाटून घेतलेली कामे. कोणी पाणी भरतो, कोणी चूल पेटवितो. जात, भाषा, प्रांत यांचे भेद भाषणाने मिटत नाहीत. एका पंक्तीत बसल्याने ते विरघळतात.

परंतु हा शिक्षक गावी परतल्यावर काय होते? अनेक शाळांत स्काउटचा गणवेश २६ जानेवारीला कपाटातून निघतो आणि पुन्हा कपाटात जातो. शिक्षक जनगणना, निवडणूक आणि अहवालांत गुंततो. पालकांचे लक्ष असते प्रमाणपत्राकडे, कारण रेल्वेभरतीत स्काउटांसाठी राखीव जागा असतात. साधन साध्य झाले की संस्कार मागे पडतो.

केवळ शासनाला दोष देऊन भागणार नाही. प्रशिक्षित शिक्षकाला आठवड्यातून दोन तासिका हक्काने देणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे. मुलाला शिकवणी बुडवून दोन रात्री तंबूत राहू देणे पालकांच्या हाती आहे. डोंगरावर पेटलेली ज्योत घराच्या उंबरठ्यावर विझू नये, याची जबाबदारी समाजाचीच आहे.