एस.सी., एस.टी. क्षमस्व

रविवारचा पेपर. आतल्या पानावर वधू-वर. त्यात बारीक टाइपात एक जाहिरात :

'वर, वय ५६, घटस्फोटित, मुंबईत स्वतःची जागा. शास्त्रीय संगीत, नाटक, चित्रकला यांची आवड. रसिक, समविचारी सहचारिणी पाहिजे. जातीची अट नाही. एस.सी., एस.टी. क्षमस्व.'

दोनदा वाचली. जातीची अट नाही, आणि एस.सी., एस.टी. क्षमस्व. मधे फक्त एक पूर्णविराम. तेवढ्या टिंबात आमची अख्खी वस्ती गाडून टाकली बहाद्दराने.

आधी हसले. चहा टाकला. मग पुन्हा वाचली आणि तेव्हा हसू आले नाही. कारण ती जाहिरात माझ्याच मापाची होती. वय ५२. लग्न झालेले नाही. नोकरी आहे. गाणे, नाटक, चित्र, तिन्हीचे वेड. आणखी काय पाहिजे या बाबाला? सगळी जाहिरात माझी. शेवटचे तीन शब्दसुद्धा माझेच.

म्हणून आता बोलते. आपल्या बाईने आजवर भूक लिहिली, पाणी लिहिले, नवऱ्याचा मार लिहिला, मालकाचा हात लिहिला. सगळे खरे. पण 'मी बावन्न वर्षांची आहे, मला चित्र कळते, गाणे कळते आणि मला एक प्रेमाचा माणूस पाहिजे,' हे लिहिलेले माझ्या तरी वाचनात नाही. मी लिहिते. ज्याला लाज वाटेल त्याने पान उलटावे.

माझा बाप गिरणीत. रात्रपाळी नसली की गायन पार्टीत पेटी वाजवायचा. चौदा एप्रिल जवळ आला की आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तालीम चालायची. आई चहा करून करून थकायची आणि आम्ही पोरे ढोलकीच्या आवाजात झोपी जायचो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तो संप कोणी मागे घेतलाच नाही. बाप मात्र संपला. पहिल्यांदा पितळेची भांडी गेली, मग पेटी गेली.

मी थोरली. पाठीवर दोन भाऊ, एक बहीण. एकोणिसाव्या वर्षी कारकून म्हणून चिकटले. मग त्यांच्या फिया, त्यांची लग्ने, आईचे आजारपण. माझे लग्न दरवर्षी 'पुढच्या वर्षी' होते. ही रडकथा नाही. मी केले, मला करावेसे वाटले म्हणून केले. फक्त हिशेब मांडतेय.

कचेरी फोर्टात. डबा पंधरा मिनिटांत आटपायचा आणि जहांगीर आर्ट गॅलरीत जायचे. तिथे तिकीट नाही, म्हणून परवडायचे. चित्र कसे बघायचे हे कोणी शिकवले नाही. उभी राहिले, बघत राहिले, शिकले. पहिल्या पगारातून किशोरी आमोणकरांच्या भूपाची कॅसेट घेतली. विठ्ठल उमपांचा आवाज बापामुळे आधीच कानात होता. दोघेही माझ्या कानात सुखाने नांदतात, भांडत नाहीत. भांडतात ती बाहेरची माणसे. एकांना वाटते, हिला भूप कसा कळेल? दुसऱ्यांना वाटते, आपली असून हिला भूप कशाला पाहिजे?

आता त्या जाहिरातीतल्या 'रसिक' शब्दाकडे येते. माझे खरे भांडण त्या शब्दाशी आहे.

माझी आजी संगमनेर तालुक्यातली. तिथल्याच हिवरगावची पवळा. महाराची लेक. तमाशाच्या बोर्डावर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या बायांत तिचे नाव घेतात. रेठऱ्याचा श्रीधर कुलकर्णी वतन सोडून तमाशात आला, पठ्ठे बापूराव झाला आणि पवळेबरोबर राहिला. ही गोष्ट आपल्याकडे कशी सांगतात? बामणाने जात सोडली, केवढा त्याग! बरं, पवळेने काय सोडले? हे कोणी विचारत नाही. तिच्याकडे सोडण्यासारखे काही असेल असेच कोणाला वाटत नाही. त्याने केली ती निवड. तिच्या वाट्याला आले ते नशीब. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूराव तमाशाच्या खेळाचे पैसे घेऊन आले तेव्हा बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत, असे सांगतात. आमच्या बाया नाचवून मिळालेले पैसे नकोत, हा त्यामागचा बाणा.

तर तमाशात रसिक कोण? जो खाली बसतो तो. दौलतजादा करतो तो. बोट दाखवून गाणे मागतो तो. आणि आमची बाई वर, बोर्डावर. तिने रिझवायचे, त्याने रिझायचे. पिढ्यान् पिढ्या हेच चालले. तिला काय आवडते? कोणता पुरुष आवडतो, कोणती चाल आवडते, आज नाचावेसे वाटते का? छे! हे विचारायचे नसते.

मी काय केले? तिकीट काढले आणि खाली खुर्चीवर जाऊन बसले. आता मी रसिक. आता मी दाद देणार. आवडले तर हो म्हणणार, नाही आवडले तर उठून जाणार. गुन्हा हाच आहे, मित्रांनो. दलित बाई नाचली तर चालते, गायली तर पुरस्कार देतात, सोसत राहिली तर तिच्यावर पीएच.डी. करतात. पण ती निवडायला बसली की ह्यांच्या पोटात गोळा येतो. कारण आवडीच्या मागून निवड येते. आज ती राग निवडील, उद्या माणूस निवडील. आणि जातीचे सगळे दुकान चालते ते बाईने माणूस निवडू नये यावर.

पुरावा देते. माझ्याच अंगावरचा आहे.

एका संगीत मंडळात मी जात असे. नाव घालत नाही. तिथे एक गृहस्थ भेटले. विधुर, वय ५८, बोलायला गोड, कान तयार. बैठकीला लवकर येऊन बाजूच्या खुर्चीवर माझ्यासाठी रुमाल टाकून ठेवायचे. एकदा रात्री दहाला फोन केला, म्हणाले, "नुसतं ऐका," आणि रेकॉर्ड लावली. अर्धा तास मी अंधारात फोन कानाला धरून बसले. ते बोलले नाहीत, मी बोलले नाही. खोटे कशाला बोलू? त्या रात्री मला झोप लागली नाही. पन्नाशीत अंगावर काटा येतो. येऊ नये असा कायदा नाही.

सहा महिने असे गेले. मग एकदा इराण्याकडे चहा पिताना त्यांनी सहज विचारले, "तुमचं कुलदैवत कुठलं?"

हा सहज प्रश्न आपल्याला पाठ आहे. माझे आडनाव गावावरून पडलेले. त्याला वास येत नाही. म्हणून त्यांनी देवाच्या दारातून हात घातला.

मी म्हणाले, "आमच्यात कुलदैवत नाही. आम्ही बौद्ध."

"छान, छान," ते म्हणाले. बशीत चहा ओतला. प्यायले नाहीत. "मला काही नाही हो. मी असलं मानतच नाही. पण आई आहे ना, ब्याऐंशी वर्षांची..."

बघा! अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या! घर कुठे घ्यावे, पैसे कुठे गुंतवावे, रात्री फोनवर परक्या बाईला काय ऐकवावे, यातले काही आईला विचारले नाही. जात निघाली तशी आई निघाली. ह्या पुरोगाम्यांच्या आया फार उपयोगी. स्वतःचा सगळा विटाळ तिच्या पदराखाली लपवता येतो.

पुढच्या बैठकीला गेले. बाजूच्या खुर्चीवर रुमाल नव्हता.

शिवी दिली नाही, दगड मारला नाही, कुठल्या कलमात बसेल असे काही केले नाही. फक्त रुमाल उचलला. 'क्षमस्व' म्हणतात ते हेच. हे सभ्य भाषेतले पाणवठ्यावरून हुसकावणे आहे.

बरे, आता आपल्या घरात येऊ. टाळ्या वाजवत बसू नका, तुमचीही पाळी आहे.

धाकट्या भावाला हे सांगितले. माझ्या पगारावर इंजिनियर झालेला. म्हणाला, "अक्का, या वयात? लोक काय म्हणतील? विहारात जात जा, चळवळीचं काम कर, मन रमेल." म्हणजे भावाला पन्नाशीनंतर बायको पाहिजे आणि बहिणीला विहार! धम्माने असे कुठे सांगितले आहे ते मला दाखवा.

तरी आपल्या वधू-वर मेळाव्यात गेले. फॉर्म भरला. आवड या रकान्यात 'चित्रकला, संगीत, नाटक' लिहिले. टेबलावरच्या भाऊंनी ते वाचले आणि विचारले, "स्वयंपाक?" पंचावन्न वर्षांचा वर उभा राहून माईकवरून पस्तिशीची मुलगी मागत होता. कोणी हसले नाही. मी चाळिशीच्या पुढचा, वाचणारा माणूस पाहिजे म्हणाले तर बायाच पदर तोंडाला लावून हसल्या. आणि दारात एक मातंग समाजाची शिक्षिका फॉर्म घेऊन उभी होती. तिला सांगितले, "ताई, आपला वेगळा मेळावा असतो ना?" चांभाराची पोरगी आली असती तर तिलाही हेच सांगितले असते.

म्हणजे क्षमस्वचा बोर्ड आपणही लावलाय. रंग निळा आहे एवढेच.

ज्यांच्या फोटोखाली तो मेळावा चालला होता त्यांना तरी विचारा. १९३६ साली बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' छापले. सहभोजनाने भागणार नाही, रक्ताची सरमिसळ करणारे लग्न पाहिजे, असे त्यात स्पष्ट सांगितले. आधी रमाई गेल्या होत्या, मे १९३५ मध्ये. त्यानंतर तेरा वर्षे तो माणूस एकटा. एवढे मोठे ओझे डोक्यावर, तरी व्हायोलिन शिकला, चित्र काढायला शिकला. घटना लिहिणाऱ्या हाताला व्हायोलिनचा गज धरावासा वाटला. त्यांना कोणी म्हणाले का, बाबा, या वयात? आणि १५ एप्रिल १९४८ ला, वयाची ५७ वर्षे पुरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, दिल्लीत त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केले. त्या ३९ वर्षांच्या, शिकलेल्या, जातीने सारस्वत. आजारी शरीराला डॉक्टर पाहिजे होती, हे खरे. पण एकट्या माणसाला माणूस पाहिजे होते, हेही तितकेच खरे. ते म्हणायला आपली जीभ का अडखळते?

आणि त्या माईसाहेबांचे आपण काय केले? ६ डिसेंबर १९५६ नंतर तिच्यावर विषाचा आळ घेतला. चौकशी झाली, काही निघाले नाही. तरी वर्षानुवर्षे तिला वाळीत टाकले. पुढे पँथरची पोरे तिला परत माणसांत घेऊन आली. पण कलंक पुसायचे कष्ट आपण सगळ्यांनी घेतले नाहीत. २००३ साली ती गेली. जातीबाहेरच्या प्रेमाचा राग फक्त बामणांना येतो असे कोणी सांगू नका.

आता काही कॉम्रेड म्हणतील, बाई, गटारात माणसे मरताहेत आणि तुला प्रेम सुचते? चैनीचे प्रश्न आहेत हे.

चैन? २८ एप्रिल २०१४. नगर जिल्ह्यातले खर्डा. नितीन आगे, आपला पोरगा, वय १७. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून शाळेतून ओढून नेला आणि मारून टाकला. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. एका पोराच्या नुसत्या बोलण्याला ते इतके घाबरले! ज्या गोष्टीसाठी आपली पोरे झाडाला टांगली जातात ती चैन कशी? त्यांना तिची किंमत माहीत आहे. आपल्यालाच नाही. २०११-१२ च्या मानव विकास सर्वेक्षणात देशभरच्या बायांना विचारले, तर शंभरात जेमतेम पाच जणी निघाल्या ज्यांच्या नवऱ्याची जात वेगळी होती. म्हणजे नव्वदावर पाच घरांत जातीची भिंत शाबूत. आणि आपण मोर्चे काढतोय, पुतळे उभारतोय, आणि घरी येऊन बहिणीला विहारात पाठवतोय.

तिशीत लग्न लावले जाते. त्यात आईबाप असतात, हुंडा असतो, पत्रिका असते. पन्नाशीत कोणी लावून देत नाही. पोरे व्हायची नसतात, वंश चालवायचा नसतो, इस्टेट जोडायची नसते. उरते फक्त एका माणसाला दुसरा माणूस आवडणे. म्हणून मी म्हणते, जात मोडायची खरी परीक्षा इथे आहे. इथेसुद्धा तुम्ही क्षमस्व म्हणत असाल तर तुमचे गाणे खोटे, तुमचे नाटक खोटे आणि आमच्यातल्यांनो, तुमचा निळा झेंडाही तेवढ्यापुरता खोटा.

मी काही रडत घरी बसलेली नाही. परवा पुन्हा जहांगीरला गेले. पुन्हा तिकीट काढून नाटकाला जाईन. बाजूची खुर्ची रिकामी असेल तर तिच्यावर पर्स ठेवीन. पण ती खुर्ची मला कायमची रिकामी नको, हेही उघड सांगते. त्यात कमीपणा कसला?

पेपरवाले शब्दाला पैसे घेतात. इथे फुकट आहे. म्हणून माझी जाहिरात इथेच देते :

'स्त्री, वय ५२, अविवाहित, बौद्ध, गिरणी कामगाराची मुलगी, नोकरी. पेटीचा आवाज, भूप, भीमगीते, चित्रे आणि चांगले नाटक आवडते. स्वयंपाक येतो, रोज करणार नाही. मित्र पाहिजे, पुढे जमले तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी. ३० दिवस नोटीस बोर्डावर नाव लागेल, ते सहन करायची छाती पाहिजे. जात कोणतीही. मात्र आईच्या पदराआड लपणारे, रुमाल उचलून नेणारे आणि पस्तिशीची मागणारे यांना क्षमस्व.'

पत्ता संपादकांकडे ठेवला आहे.