‘सगळे चालतात, साहेब!’

फिश टँकच्या कुठल्याही दुकानात जा, एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. तुम्ही विचारता, "हे एकत्र राहतील ना?" प्लास्टिकच्या पिशवीत हवा भरता भरता उत्तर येतं, "सगळे चालतात, साहेब. कम्युनिटीवाले आहेत." मग दोन फुटी टँकमध्ये दोन गोल्डफिश, दोन एंजल, चार टायगर बार्ब, सहा निऑन टेट्रा आणि ‘सफाईला’ एक सकर. वर बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या फुकट. संध्याकाळी टँक हॉलमध्ये, रात्री फोटो ग्रुपवर, आणि पंधरा दिवसांत निम्मे मासे फ्लश!

मला त्या ‘कम्युनिटी’ शब्दाचाच राग येतो. ही कम्युनिटी नाहीये मंडळी, ही गर्दीच्या वेळची लोकल आहे. फरक इतकाच की लोकलमधून कधीतरी उतरता येतं.

जरा हिशोब मांडू या. दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे सुमारे 56 लिटर. खडे आणि वरची रिकामी जागा वजा केली की 45 च्या आसपास उरतात. गोल्डफिश हा मूळचा चीनमधला, थंड पाण्यातला कार्प. त्याला 18 ते 22 अंश बरं वाटतं, एंजल आणि निऑनला साधारण 25. म्हणजे हीटर लावला तर एकाची पंचाईत, नाही लावला तर दुसऱ्याची. शिवाय गोल्डफिश वीतभर होतो, नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक गोल्डफिश 1999 साली गेला तेव्हा 43 वर्षांचा होता. आपल्याकडे मात्र सहा महिने काढले की लोक कौतुकाने सांगतात, "आमचा खूप जगला हो!"

निऑन ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला, जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा. एंजलही तिकडचाच. पण शेजारी असणं म्हणजे मित्र असणं नव्हे. दुकानात रुपयाच्या नाण्याएवढा दिसणारा एंजल तळहाताएवढा झाला की निऑन त्याचा नाश्ता. टायगर बार्ब आठ-दहांच्या घोळक्यात एकमेकांशी भांडून दमतो. चारच घेतलेत तर आपापसातलं भांडण पुरत नाही आणि एंजलच्या लांब पंखांच्या चिंध्या होतात. आणि तो बिचारा सकर! तो घाण खात नाही. लहान असताना शेवाळ खरवडतो, मोठा होऊन फुटापेक्षा लांब होतो आणि स्वतःच ढिगाने घाण करतो. आमच्या भाषेत सांगायचं तर बग काढायला आणलेला माणूस रोज नवे बग टाकतोय.

हे सगळं तरी डोळ्यांना दिसतं. खरा घोळ दिसत नाही त्या पाण्यात आहे. मासे अमोनिया सोडतात. एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. पण हे जीवाणू काचेसोबत खोक्यातून येत नाहीत. नव्या टँकमध्ये त्यांची वसाहत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदार पहिल्याच दिवशी पंधरा मासे विकतो, म्हणजे टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनला टाकतो. शुक्रवारी संध्याकाळी! त्यात पीएचचं गणित लॉगरिदमचं. सहा आणि आठ यांत दोनचा फरक दिसतो, तो प्रत्यक्षात शंभर पटींचा असतो. आणि पीएच सातवरून आठवर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दसपट होतो. त्यामुळे मऊ पाण्यातला मासा आणि जड पाण्यातला मॉली एकाच काचेत घालणं हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. कोणाला तरी आयुष्यभर चुकीच्या पाण्यात श्वास घ्यावा लागतो.

यावर लोकांकडे उत्तरं तयार असतात. एक, "अहो, तीस रुपयांचा मासा!" या उत्तरावर मी वाद घालत नाही, बोलणाऱ्याकडे नीट बघून घेतो. दुसरं उत्तर जास्त लबाड आहे. मासा मेला की म्हणायचं, "घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं." वा! नायट्राइटने मारायचं आणि वर हुतात्मा करायचं. त्यापुढची पायरी म्हणजे फेंगशुईचे आठ सोनेरी नि एक काळा, नऊच्या नऊ गोल्डफिश एका भांड्यात. या लोकांनी नऊ माणसं वन रूम किचनमध्ये ठेवून भरभराट होते का ते आधी बघावं.

तिसरं उत्तर मात्र दखल घेण्यासारखं आहे: "मग काय, एकाच जातीचे ठेवायचे? मजा काय त्यात?" नाही. वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवायला माझा विरोध नाही. ॲक्वेरियमची सुरुवातच तशी झाली. 1850 च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या केमिस्टने बारा गॅलनच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पानं कुजून पाणी खराब व्हायला लागलं, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. कुजकी पानं गोगलगायींनी खाल्ली, त्यांची अंडी-पिल्लं माशांनी. दोन गोल्डफिशना बारा गॅलन आज मी कमीच म्हणेन, पण त्या भांड्यात प्रत्येक जीव का आहे याला कारण होतं. रंग मॅच होतो हे कारण नव्हतं.

माझं म्हणणं साधं आहे. आधी पाणी ठरवा, मग मासे. सोसायटीला बोअरचं जड पाणी येत असेल तर गप्पी, प्लॅटी, मॉली ही मंडळी त्यात खूश असतात (हो, डासांच्या अळ्या खायला महापालिका सोडते तोच गप्पी). नळाचं पाणी असेल तर क्लोरीनचा बंदोबस्त करून आठ-दहा झेब्रा डॅनिओ आणि तळाला सहा पेपर्ड कोरिडोरास. दोघांनाही जरा थंड पाणी चालतं, एक वरच्या थरात पळतो, दुसरा खाली वाळू उकरतो, कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. शिवाय झेब्रा आपल्याच उपखंडातला. जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्यावर जीव टाकतात आणि आपल्याला तो ‘साधा’ वाटतो!

असंच एक उदाहरण केरळचं. तिथल्या नद्यांतला लाल-काळ्या पट्ट्यांचा देखणा मासा, दुकानात ‘मिस केरळ’. त्याच्या वंशाला 2013 साली ‘सह्याद्रिया’ नाव दिलं, का ते सांगायला नको. शौकिनांसाठी इतका पकडला गेला की आययूसीएनच्या यादीत तो धोक्यात असलेली जात म्हणून लागला. त्याला थंड, वाहतं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं, आणि कळप लागतो. आपण त्याला एकटा आणून गोल्डफिशशेजारी ठेवतो, कारण लाल रंग सोफ्याला शोभतो.

तर ज्यांच्या घरी आधीच अशी खिचडी शिजली आहे त्यांनी काय करावं? दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला, चिमूटभर खाणं द्या, आणि गोल्डफिश मोठी टाकी असणाऱ्या कोणालातरी देऊन टाका. दुकानदाराशी भांडून सकर परत घ्यायला लावा, फुकट का होईना. रविवारी सकाळी पुण्य म्हणून तळ्यात मात्र सोडू नका. दक्षिण अमेरिकेतला हा चिलखती प्राणी कोलकात्याच्या पाणथळ जागांपासून केरळपर्यंत आधीच पसरलाय, आणि मच्छीमारांची जाळी फाडतोय.