दोन तासांचा टीव्ही

हुकूमशाहीतला प्रोपगंडा म्हटलं की आपल्याला वाटतं, तिथल्या लोकांचं पार ब्रेनवॉशिंग झालेलं असणार. मला नाही तसं वाटत. रुमानियाचंच बघा.

चाउशेस्कूच्या राजवटीत १९८३ साली फर्मान निघालं. टाइपरायटर बाळगायचा तर पोलिसांची परवानगी हवी, आणि दरवर्षी त्यावर टाइप केलेला नमुना त्यांच्याकडे जमा करायचा. प्रत्येक मशीनच्या अक्षरांची ठेवण थोडी वेगळी असते, त्यामुळे एखादं पत्रक कुठून निघालं ते शोधता येणार. टेक्निकली आयडिया एकदम चोख! टीव्हीची तर कमालच. वीज वाचवायच्या नावाखाली १९८५ पासून एकच चॅनेल, तेही कामाच्या दिवशी रात्री जेमतेम दोन तास. त्यातही बराच वेळ साहेब आणि बाईसाहेबांचं कौतुक.

आता सांगा, खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी रांगेत ताटकळणाऱ्याला 'विक्रमी पीक' ही बातमी पटत असेल? लोक बल्गेरियाचा टीव्ही दिसावा म्हणून अँटेना फिरवायचे, चोरून रेडिओ फ्री युरोप ऐकायचे. मग राजवट इतकी वर्षं टिकली कशी? शेजाऱ्यालाही हे पटत नाही, हे उघडपणे कुणालाच बोलता येत नव्हतं, म्हणून. सेन्सॉरशिपची खरी ताकद मला इथे दिसते. खोटं पटलं नाही तरी चालतं, माणूस एकटा पडला की झालं.

२१ डिसेंबर १९८९. तिमिशोआरातल्या आंदोलनाचा निषेध करायला बुखारेस्टमध्ये सभा भरवली, आणि गर्दीतूनच आरडाओरडा सुरू झाला. लाइव्ह! चाउशेस्कूचा गोंधळलेला चेहरा दिसला, प्रक्षेपण काही मिनिटं तोडलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आपण एकटे नाही हे घराघरात कळलं. दुसऱ्या दिवशी साहेब हेलिकॉप्टरने पळाले, २५ तारखेला गोळ्या घातल्या.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं, पण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. टीव्ही मोकळा झाला आणि त्याच पडद्यावरून 'अतिरेकी' आल्याच्या, पाण्यात विष कालवल्याच्या अफवा सुटल्या. एकमेकांना अतिरेकी समजून झालेल्या गोळीबारातही माणसं मेली. खटल्यात ६०,००० बळींचा आरोप होता. प्रत्यक्षात सगळ्या क्रांतीत हजाराहून थोडे जास्त गेले, आणि त्यातले बहुतेक चाउशेस्कू पळाल्यानंतर.

सेन्सॉर एका दिवसात उठतो हो, पण बातमी तपासायची मोडलेली सवय एका दिवसात परत येत नाही.

'या मीडियाला एकदा लगाम घातलाच पाहिजे' असं म्हणणारा एकजण प्रत्येक ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये असतोच. त्याला एवढंच विचारा... उद्या खरंच आग लागली, तर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवून बाहेर पळशील?