ॲव्हरेज विचारू नका, वर्षाचे लिटर मोजा

मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकरचे बाजार करणारे आम्ही कापडवाले. आमच्यातील कित्येकांच्या दारात आजही जुनी डिझेल जीप उभी आहे. ती घेतली तेव्हा हिशेब बरोबरच होता. डिझेलचा भाव सरकार बांधून देई आणि ते पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव खुला झाला व तो आधार सुटला. तेव्हापासून प्रश्न एकच : जीप काढून जास्त ॲव्हरेजची छोटी गाडी घ्यावी काय?

आमच्या मते नुसत्या ॲव्हरेजवर हा निर्णय करू नये. समजा, दोन व्यापारी वर्षाला १२,००० किलोमीटर फिरतात. एकाची गाडी लिटरला ८ किलोमीटर देते, तो १२ देणारी घेतो. दुसऱ्याची १५ देते, तो २५ देणारी घेतो. वाहवा दुसऱ्याची होईल. पण पहिल्याचे इंधन १,५०० लिटरवरून १,००० वर आले, म्हणजे ५०० लिटर वाचले. दुसऱ्याचे ८०० वरून ४८० वर आले, वाचले ३२० लिटरच. तेव्हा जास्त पिणारी गाडी आधी बदलावी.

दुसरी बाब फिरण्याची. लिटरला १० देणारी जीप काढून ६ लाखांची, २० देणारी गाडी घेतली व इंधन १०० रुपये लिटर धरले, तर वर्षाला ५,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे २५,००० रुपये वाचतात. गाडीची किंमत निघायला २४ वर्षे लागतील! रोज बाजार करून २५,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे सव्वा लाख वाचतात. त्याची किंमत पाच वर्षांच्या आत निघते.

हे ६ लाख येणार कोठून, हेही पाहावे. कर्ज काढले तर व्याज आले. व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहणाऱ्या बांधवांना ती रक्कम दुकानातूनच काढावी लागते. ईद किंवा लग्नसराईच्या तोंडावर माल भरण्याचा पैसा गाडीत अडकला, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. हे नुकसान पंपाच्या पावतीवर दिसत नाही.

सरकारी बाजूही ध्यानात घ्यावी. १५ वर्षांवरील खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली. २० वर्षांवरील मोटारीला ती ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० करण्यात आली. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्याला बदलणे भागच आहे, त्याला ही सवलत उपयोगी आहे.

मात्र शोरूममधील आकड्यावर भिस्त ठेवू नये. राजूर घाट किंवा बोथ्याचा घाट कापडाच्या गाठी घेऊन चढताना तो आकडा टिकत नाही. टाकी पूर्ण भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर लागले ते वहीत मांडावे. तीन महिने असे करावे.

ज्याचे फिरणे थोडे, त्याने जुनी गाडीच नीट राखावी, टायरची हवा व एअर फिल्टर पाहत जावे. त्यात कमीपणा नाही. ज्याची गाडी रोज रस्त्यावर आहे, त्याने जुन्या जीपचा मोह सोडावा. शेजाऱ्याने घेतली म्हणून मात्र कोणीही घेऊ नये. ज्याची त्याची वही जे सांगेल, तेच खरे.